सैन्याशिवायची मोहीम

ऑफिसात तिला सगळे सासूबाई म्हणत. वय जेमतेम चाळीस, लग्नाचा पत्ता नाही, तरी सासूबाई. कारण तिने रचलेल्या मोहिमेत खेळणाऱ्याने कितीही केलं तरी ते कमीच पडायचं. युद्धाचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती मोहिमा रचायची. या खेळांत बुद्धिबळासारखी पाळी नसते. तुम्ही डोकं खाजवत बसलात, की तेवढ्यात शत्रू येऊन तुमचं गाव पेटवून जातो.

पण घाईत खेळलं म्हणून मजा येतेच असं थोडंच आहे? नव्या गेममधल्या सगळ्या मोहिमा एकाच माळेचे मणी होत्या. लाकूड तोडा, छावणी बांधा, फौज उभारा, शत्रूला चिरडा आणि पुढच्या मोहिमेत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. अवघड करायचं म्हणजे काय, तर शत्रूचे सैनिक दुप्पट करायचे. सासूबाईला या आळसाची मनस्वी चीड होती. भांडून भांडून तिने एक वेगळी मोहीम पदरात पाडून घेतली. या मोहिमेत फौज नव्हती, छावणी नव्हती; पूर चढत असताना अख्खं गाव, म्हाताऱ्यांपासून शेळ्यांपर्यंत, नदीपलीकडे न्यायचं होतं.

चाचणीला आलेल्या एकालाही ते जमलं नाही. एक जण तर माऊस आपटून निघून गेला.

"शुक्रवारी शेवटची चाचणी," मालक म्हणाले. "कोणी पार केली तर राहील. नाहीतर तिथे नेहमीची लढाई टाकू. लोकांना लढाई कळते."

"कळते म्हणून रोज तीच वाढायची का ताटात?"

"आणि तुमची ती सोपी पातळी नक्की कोणासाठी सोपी आहे हो?"

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. घरी जाऊन ती स्वतः खेळली आणि डोळे मिटून जिंकली. तिथेच तर घोडं पेंड खात होतं! कुठली शेळी कुठे अडते हे तिला तोंडपाठ होतं. स्वतःच काढलेला पेपर स्वतः सोडवायचा आणि दुनियेला ढ ठरवायचं, असा तिचा कारभार चालला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

मग नवख्यासारखं खेळता यावं म्हणून तिने माऊस डाव्या हातात धरला. डावा हात तिचं काही म्हणजे काही ऐकेना. शेळ्या पाण्यात, म्हातारे काठावर, आणि बघता बघता गाव बुडालं. खेळणारा का हरला हे पडद्यावर कुठेच कळत नव्हतं, आणि ही मोहिमेची चूक होती, खेळणाऱ्याची नव्हे. पाणी हळू चढवायला ती तयार नव्हती, तेवढी ती सासूबाई होतीच. पण पाणी चढण्याआधी घंटा वाजू लागली, मागे राहिलेला माणूस हाका मारू लागला. सोप्या पातळीवर तिने दोन पूल दिले, अवघडवर एकच. सगळी जुळवाजुळव तिने डाव्या हातानेच केली.

शुक्रवारी आली एक शिंपीणबाई. असले खेळ ती आयुष्यात पहिल्यांदाच खेळत होती. रचणाऱ्याने मागे उभं राहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हा तिथला नियम. सासूबाईला ही काळ्या पाण्याची शिक्षाच होती.

शिंपीणबाई हरली. सासूबाईचा जीव टांगणीला लागला.

"थांबा हं, उठत नाही मी," ती बाई म्हणाली. "शेळ्या आधी सोडल्या मी, त्यांनी दोन्ही पूल अडवले. म्हातारी माणसं आधी न्यायला हवी होती."

का हरलो हे तिला कळलं होतं. सासूबाईला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण नियम आड आला. पुन्हा घंटा वाजली. म्हातारे पुलांवर चढले, मागून गाड्या, सगळ्यात शेवटी शेळ्या. पूल वाहून गेले तेव्हा गाव पलीकडे होतं. बाईने पदराने घाम पुसला आणि कोणाला न विचारता अवघड पातळी लावली.

मालक दारातून सगळं बघत होते. ते आत आले आणि घसा खाकरून म्हणाले, "बरं. ही मोहीम ठेवू या. आणि पुढच्या दोन लढाया काढून तिथेही तुम्हीच काहीतरी..."

शिंपीणबाईने मागे न बघताच हात वर करून त्यांना गप्प केलं. तिची म्हातारी माणसं पुलावर होती.