डर्बीशायरमधलं स्वित्झर्लंड

डर्बीशायरमध्ये एक लहानसं गाव आहे. त्याला म्हणे 'छोटं स्वित्झर्लंड' म्हणतात. कोण म्हणतं, तर तिथलेच दुकानदार. गावातून एक नदी वाहते. तिच्या एका बाजूला चुनखडीचा उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला चिप्सच्या दुकानांची रांग, एवढ्यावर हे नाव मिळालंय. एका टीरूमने छताला लाकडी नक्षी ठोकून खिडक्यांत प्लास्टिकची लाल फुलं लावलीत, दाराला गाईच्या गळ्यातली घंटा टांगलीय. कुणी आत शिरलं की ती वाजते आणि कुणीही मान वर करत नाही. रस्त्याच्या कडेला मोटरसायकली उभ्या असतात आणि त्यांचे पोट सुटलेले मालक लेदरची जॅकेटं घालून आइस्क्रीम चाटत असतात. हे सगळं बघायला आम्ही बँक हॉलिडेच्या सार्वजनिक सुट्टीला आमच्या रीडिंग गावाहून तीन तास गाडी हाकत गेलो होतो.

कल्पना माझ्या नवऱ्याची. त्याची मोठी बहीण, म्हणजे आमच्या ताई, आणि भावोजी पुण्याहून युरोपच्या ग्रुप टूरला आले होते आणि टूर संपल्यावर आठवडाभर आमच्याकडे राहायला आले. भावोजी सरकारी खात्यातून वरच्या हुद्द्यावर रिटायर झालेले. घरात शिरल्यापासून त्यांनी इंग्लंडची इन्स्पेक्शन सुरू केली होती. थेम्स बघून म्हणाले, "ही नदी? आमच्याकडे कालवे याहून मोठे असतात." विंडसरला रांग फार, ऑक्सफर्डला विटा फार. माझ्या हातचं वरण पातळ. प्रत्येक वाक्याचा शेवट स्वित्झर्लंडमध्ये व्हायचा. तिथल्या तळ्याकाठच्या एका गावात ते दोन रात्री राहिले होते. तिथून दात्यांच्या चाकांची रेल्वे वर चढते, मग केबलकार, मग थेट बर्फाचं शिखर.

"आम्ही टॉपला उभे होतो," ते सांगायचे. "खाली ढग. शब्दच नाहीत."

शब्द नाहीत म्हणत ते रोज संध्याकाळी तासभर बोलत. फोनमधले फोटो टीव्हीवर लावत. बर्फ, आकाश, रेलिंग, पुन्हा बर्फ. एकाही फोटोत माणूस नसे. ताई सोफ्याच्या कोपऱ्यात बसून गुडघा चोळत ते फोटो बघत राहायच्या, मीही मान डोलवायचे. चार दिवस डोलवली. पाहुणा माणूस बोलतो ते ऐकून घ्यायचं, असं माझ्या आईने शिकवलं होतं, आणि माझं मत विचाराल तर फार चुकीचं शिकवलं होतं.

तर भावोजींना 'हिल्सवालं काहीतरी' दाखवायचं म्हणून माझ्या भाबड्या नवऱ्याने हे गाव शोधून काढलं. कार पार्कमध्ये उतरल्या उतरल्या भावोजींनी कमरेवर हात ठेवून कड्याकडे पाहिलं.

"याला तुम्ही डोंगर म्हणता? आमच्याकडे असल्याला टेकाड म्हणतात."

चार दिवसांत पहिल्यांदाच माझं त्यांच्याशी एकमत झालं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

गावात केबलकार आहे. नदी ओलांडून ती कड्याच्या माथ्यावर जाते. वर एक जुना मनोरा, थोडी झाडी, एक कॅफे. आम्ही रांगेत लागलो. आमचा नंबर जवळ आल्यावर भावोजी ताईंकडे वळले.

"तू खालीच बस. तुला झेपायचं नाही. चहाबिहा घे. आम्ही येतो तासाभरात."

ताईंनी निमूट खांद्यावरची पर्स सावरली आणि बसायला बाक शोधू लागल्या. इतक्या सवयीने, की माझ्या मनात शंका आली.

"ताई, तिकडेही तुम्ही खालीच बसला होतात?"

"अगं हो. मला बीपी आहे ना. त्यांना काळजी वाटते."

"किती वेळ?"

"चार तास असतील. पण छान होतं. तळ्यावर एक बाई बदकांना खायला घालत होती, तिच्याशी बोलले मी. म्हणजे मी मराठीत, ती तिच्या भाषेत."

इतके दिवस जे 'आम्ही' मी ऐकत होते, त्यात ही बाई नव्हतीच. बासष्ट वर्षांची बाई अर्धं जग ओलांडून आली आणि तिने डोंगराचा पायथा बघितला. मी मोठ्याने, मागच्या इंग्रज कुटुंबाने वळून बघावं इतक्या मोठ्याने म्हणाले, "तिकिटं चार काढलीत. चौघंही जाणार."

भावोजी हसले. ऑफिसात कारकुनाकडे बघून हसत असतील तसे. "तुमची जबाबदारी हं मग."

केबिनमध्ये आम्ही चौघंच होतो. दार बंद झालं, जमीन सुटली. नदी, मोटरसायकली, चिप्सची दुकानं खाली खाली गेली. ही केबलकार मध्यावर थोडी थांबते, लोकांना फोटो काढता यावेत म्हणून. तशी ती थांबली आणि वाऱ्याने हलकेच झुलली.

"बंद पडली का?" भावोजींचा आवाज मी ओळखलाच नाही.

"नाही हो भावोजी, फोटोसाठी थांबते. आता निघेल," नवरा म्हणाला.

तोवर भावोजी सीटवरून घसरून आमच्या पायांमध्ये जमिनीवर बसले होते. डोळे गच्च मिटलेले. त्यांनी दोन्ही हातांनी ताईंचा गुडघा धरला होता, तोच दुखरा गुडघा. कपाळावर घाम. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक स्तोत्र. ताईंनी त्यांच्या टकलावर हात ठेवला आणि काचेतून बाहेर बघत मला म्हणाल्या, "अगं, ती बघ रेल्वे! केवढीशी दिसतेय."

त्यांच्या आवाजात जराही आश्चर्य नव्हतं, म्हणजे पायाशी बसलेल्या नवऱ्याबद्दल. ते मला खटकलं.

वर पोचल्यावर भावोजी पहिल्या बाकावर कोसळले. शुगर लो झाली म्हणाले. नवरा पाणी आणि बिस्किटं शोधायला धावला. मी आणि ताई मनोऱ्याच्या दिशेने निघालो.

"तिकडेही असंच झालं होतं," थोडं चालल्यावर ताई म्हणाल्या. "मधल्या स्टेशनला उतरले. तिथेच कॉफी पीत बसले. टूरवाल्या मुलीने मला फोन करून विचारलं, काकांना आता बरं वाटतंय ना म्हणून. तेव्हा कळलं मला."

"आणि ते फोटो?"

"ग्रुपमधल्या एकांनी पाठवले त्यांना."

मी थांबलेच. "ताई, चार दिवस तुम्ही हे ऐकत होतात?"

"मग काय करू? तुझ्या हॉलमध्ये उठून सांगू? भीती वाटते त्यांना. पहिल्यापासून. आमचं लग्न झालं तेव्हा महाबळेश्वरलाही पॉइंटवर जायचे नाहीत, हिला चक्कर येते असं सगळ्यांना सांगायचे. मला कधीच चक्कर आली नाही गं."

भावोजींचा तर मला तिटकारा आलाच होता, पण त्या क्षणी ताईंचाही आला. इतकी वर्षं या बाईने एका भित्र्या माणसाची अब्रू राखायला स्वतःला आजारी म्हणवून घेतलं होतं. मी तसं बोलून दाखवलं, जरा जास्तच कडवट शब्दांत. ताईंचा चेहरा उतरला. मग त्या मनोऱ्याच्या दारातून आत शिरल्या आणि गोल जिन्याच्या पायऱ्या चढायला लागल्या. एक पाय वर, दुसरा त्याच्या शेजारी, दांडा धरून, मध्ये मध्ये थांबत. मी मागे. मागून येणाऱ्या माणसांना मी भिंतीला चिकटून वाट देत होते आणि सॉरी म्हणत होते.

वरून मला दिसलं ते असं: एक दगडाची खाण, दोन कार पार्क, कॅरव्हॅनच्या पांढऱ्या रांगा आणि मधे मधे हिरव्या टेकड्या. ताई कठड्याला धरून उभ्या होत्या. केस वाऱ्याने सुटले होते. पंधरा-वीस मिनिटं त्या हलल्या नाहीत.

"केवढं मोठं आहे हे," त्या म्हणाल्या.

हे काहीच नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हणाले असते तर मी आणि भावोजी यांत फरक उरला नसता. 

उतरताना भावोजींनी केबलकारला साफ नकार दिला. नवरा त्यांना घेऊन नागमोडी पायवाटेने निघाला. आम्ही दोघी केबिनने खाली येऊन नदीकाठी व्हिनेगर घातलेले चिप्स खात बसलो. तासाभराने दोघं आले. भावोजींचे पांढरेशुभ्र नवे बूट चिखलाने माखले होते, पँटच्या मागच्या बाजूला ते कुठे बसले होते त्याचा मोठा पुरावा होता.

"डोंगराचा रियल फील घ्यायचा तर पायीच उतरायला हवं," ते म्हणाले. "केबलकार वगैरे म्हाताऱ्यांसाठी."

आणि माझा नवरा, माझा शिकलेला, टीम लीड नवरा, "बरोबर आहे भावोजी," म्हणाला.

परतीच्या वाटेवर मोटरवेला ट्रॅफिक तुंबला होता. मागच्या सीटवरून ताईंनी भावाला विचारलं, "ए, माझं विमानाचं तिकीट दोन-तीन आठवडे पुढे ढकलता येईल का रे?"

"कशाला?" भावोजी म्हणाले.

"राहावंसं वाटतंय."

"आणि माझ्या जेवणाचं काय?"

मी समोरच्या लॉरीच्या नंबरप्लेटकडे बघत राहिले, कारण हसू दाबणं अवघड झालं होतं.

भावोजी ठरल्या दिवशी एकटे परतले. ताई तीन आठवडे राहिल्या. आम्ही डॉर्सेटच्या कड्यांवर गेलो, एकदा वेल्सलाही गेलो. ताई हळूहळू चढायच्या, दर पक्ष्याचं नाव मला विचारायच्या आणि मला एकही ठाऊक नसायचं. संध्याकाळी गुडघे सुजायचे, मग हॉट वॉटर बॅग घेऊन बसायच्या. पुण्याहून फोन यायचा, कुकरची रिंग कुठे ठेवलीय विचारायला. ताई सांगायच्या आणि फोन ठेवायच्या.

गेल्या महिन्यात माझ्या मामीचा फोन आला होता. ती पुण्यात त्यांच्याच सोसायटीत राहते. म्हणाली, "अगं, तुझे ते भावोजी इंग्लंडमधला केवढा मोठा डोंगर पायी उतरले म्हणे! या वयात! सगळ्यांना सांगत होते परवा."

"हो का?" मी म्हटलं, आणि तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं विचारलं.