चमचेवाले डॉक्टर

उमरग्यात नव्यानं आलेल्या माणसाला शेख डॉक्टरांचा दवाखाना शोधायला पाटी वाचावी लागत नसे. बाकावर बसलेल्या बायाबापड्यांच्या हातात चमचे दिसले, की समजावं, हाच तो. कुणाचा स्टीलचा, कुणाचा पितळेचा, कुणी रुमालात गुंडाळून आणलेला. बदली होऊन मी इथल्या शाळेत आले तेव्हा ते पाहून मला खरंच वाटलं, की इथं पेशंटला खिचडी वाटतात.

पातळ औषध द्यायचं असलं की डॉक्टर आधी घरचा चमचा मागत. नसला तर आणायला पाठवत. माझी ऋतुजा तीन वर्षांची असताना खोकल्यानं हैराण झाली होती. मी शिकलेली, त्यात शिक्षिका. मला राग आला. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, चमचा म्हणजे काय ते मला कळतं हो."

"तुमाला कळतंय बाई. तुमच्या चमच्याला कळतंय का? पोरगी बसू द्या भाभीजवळ, तुमी जाऊन घिऊन या."

ऋतुजाला भाभींजवळ, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोजवळ, बसवून मी पाय आपटत गेले आणि चमचा घेऊन आले. डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं टोपण मापाच्या खुणेपर्यंत पाण्यानं भरलं, ते पाणी माझ्या चमच्यात ओतलं, आणि निवांत म्हणाले, "ह्या चमच्यानं पाऊण. वर न्हाय." मी म्हटलं, मग टोपणानंच देते की. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "टोपण दोन दिसांत हरवतं. चमचा घरातच राहतो."

ही सवय कुठून लागली ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. हुशार माणूस जरा विक्षिप्त असायचाच, असं म्हणून लोक मोकळे होत. आणि हुशारीबद्दल तर प्रश्नच नव्हता. बेंबळीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा औषधशास्त्रात विद्यापीठात पहिला आलेला. त्याचं पदक चौकटीत बसवून दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेलं होतं, आणि त्यावर धूळ बसलेली मी कधी पाहिली नाही. डॉक्टरांना थोडी फुशारकी होतीच. चहा पुढ्यात आला की गाडी औरंगाबादच्या होस्टेलवर जायची. "पोरं जेवताना मला औषधांचे डोस इचारायची. म्या घास गिळायच्या आत सांगायचो. पान नंबरासगट!" भाभी आतून म्हणायच्या, "झालं सुरू." आणि तरी दर वेळी दारात येऊन ऐकायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला. आता सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचतात. लोक रिपोर्ट दाखवायला येतातच. "रिटायर झालोय रे बाबा," म्हणत चष्मा लावतात आणि पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढतात.

त्यांचंच बघून ऋतुजाला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलला नंबर लागला तेव्हा आमच्याआधी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. आणि पहिल्याच वर्षी पोरगी शरीररचनेत नापास झाली. शाळेपासून कधी दुसरा नंबर न पाहिलेली मुलगी ती. सगळं सामान घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आई, मला हे जमणार नाही. बी.एस्सी.ला नाव घालते." फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी हाताला धरून तिला डॉक्टरांकडे नेलं.

मला वाटलं, ते धीर देतील, मेहनतीवर चार शब्द बोलतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, म्या चमचा का मागायचो, माहीताय?"

तिनं मान हलवली. नाही.

"दवाखाना टाकून सहा महिनं झालं हुतं. पदक नवं, मस्ती नवी. एका बाईचं दोन वर्सांचं पोर आलं, सर्दी-खोकल्याचं. म्या म्हणलं, अर्धा चमचा, तीन वेळा. डोस बरोबर हुता. पुस्तकात बघ, आजबी बरोबरच हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पळत आली. पोर गुंगीत, डोळं उघडंना. म्या तिच्यावरच वरडलो, किती पाजलंस म्हणून. तिनं पदरातनं काढून टेबलावर ठेवली. आमटी वाढायची पळी. म्हणली, आमच्या घरात ह्योच चमचा हाय साहेब, अर्धाच दिला."

डॉक्टरांनी मांडीवरच्या पेपरची घडी घालून तो बाजूला ठेवला.

"सांजपर्यंत पोराजवळ बसून हुतो. शुद्धीवर आलं, भाकर मागितली. पण म्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप घातलं आन् बेंबळीला गेलो. अब्बांना म्हणलं, आता शेतच करतो. अब्बा म्हणले, कर. पण पोरगं कसं हाय ते बघून ये आधी."

"गेलात?" ऋतुजानं विचारलं. कित्येक दिवसांत तिनं स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"गेलो की. वाटलं, आता गाव मारतंय. पोरगं अंगणात कोंबडीमागं पळत हुतं. आई बाहीर आली आन् म्हणली, बरं झालं आलात साहेब, सासूबाईचं गुडघं बघा जरा."

ऋतुजा खुदकन हसली.

"म्या तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणली, आधी गुडघं बघा. बेटा, तिला माझ्या पदकाचं काय न्हवतं आन् माझ्या चुकीचंबी न्हवतं. तिला डॉक्टर पाहिजे हुता. गुडघं बघितलं, आन् तसाच दवाखान्यात परत आलो."

त्यांनी पुढं काहीच उपदेश केला नाही. पेपर उचलून पुन्हा वाचायला लागले.

ऋतुजा आतल्या खोलीत पाणी प्यायला गेली तेव्हा दारात उभ्या राहून सगळं ऐकत असलेल्या भाभी माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, त्या वेळी आमचं नवीनच लग्न झालं हुतं. मला म्हणले, अब्बांची तब्येत बघायला चाललोय. इतक्या वर्सांत मला न्हाय सांगितलं हो हे. आज तुमच्या पोरीला सांगितलं."

मी त्यांचा हात घट्ट धरला. ओसरीत डॉक्टर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान मात्र एकही उलटत नव्हते.

त्याच संध्याकाळी ऋतुजानं फॉर्म भरला.