कोणाचं हृदय?

धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंसमोर कुणी नुसतं ‘हृदय’ म्हटलं की त्या तिथल्या तिथे अडवायच्या. “कोणाचं?” बेडकाचं, कोंबडीचं की माणसाचं, हे सांगितल्याशिवाय पुढे बोलायची सोय नव्हती. आम्ही त्यांचं नावच ‘कोणाचंबाई’ ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं.

त्याआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. शेवाळात एक प्रथिन असतं, त्याला उजेड कळतो. ते प्रथिन तयार करणारं जनुक त्यांनी इवल्याशा माशाच्या हृदयात घातलं. मग निळा उजेड पाडला की त्या पेशींत विजेचा संदेश उठायचा आणि हृदय उजेडाच्या तालावर ठोके द्यायचं. ठोका कुठून निघतो, कुठे अडखळतो, हे त्यामुळे बघता येतं. “बघता येतं म्हटलंय मी, बरं करता येतं नाही!” हे त्या खडू फळ्यावर आपटून सांगायच्या.

याच कामासाठी अमळनेरला, त्यांच्या माहेरी, सत्कार झाला. मीही गेले होते. शाल-श्रीफळ झालं आणि अध्यक्ष गरजले, “आमच्या लेकीने उजेडाने हृदयरोग बरा केला!” बाई तडक माइकपाशी गेल्या. “माशाचं हृदय आहे ते! माणसाच्या हृदयात ते प्रथिनच नाही. छातीवर सूर्य आणून ठेवला तरी त्याला काही कळणार नाही.” त्यावर आणखी मोठ्या टाळ्या! “एवढी विद्वान, पण किती नम्र!” माझ्या शेजारचे गृहस्थ गहिवरून म्हणाले. माझं डोकंच फिरलं. कुणी पोटतिडकीने खरं सांगितलं, तर आपण त्याला नम्रता म्हणतो आणि पाहिजे तेच ऐकून घरी जातो.

लवकरच तिथल्या बाजारात एकाने निळ्या दिव्यांनी हृदयोपचार सुरू केले. दुकानावर बाईंचा शालीतला फोटो! बाईंनी स्वतः स्टुलावर चढून तो फ्लेक्स फाडला. तो निलाजरा हात जोडून म्हणाला, “मॅडम, तुमचीच जाहिरात झाली की!”

आणि त्याच्याकडचा दिवा विकत कुणी घ्यावा? नानांनी! नाना म्हणजे बाईंचे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच बाईंना शिकवलं होतं. हृदयाच्या गोळ्या बंद करून ते रोज उघड्या छातीने त्या दिव्यासमोर बसायचे. कळताच बाई धावत गेल्या आणि घरच्या अहिराणीत ओरडल्या.

“नाना, ते मासानं हिरदं शे! गोया बंद करू नका!”

नाना हसले. “दिवाना खोकावर तुना फोटू शे ना. तू लहानपनपाईन आशीच, सोताले मोठी म्हनत नही.”

बाईंच्या देखत त्यांनी गोळी घेतली. बाई धुळ्याला परतल्या आणि नाना पुन्हा दिव्यासमोर बसले.

थोड्याच दिवसांत नाना गेले. मी बाईंबरोबर भेटायला गेले, तर कोपऱ्यात तो दिवा होताच. बाईंनी त्याला हात घातला, तसा नानांचा मुलगा म्हणाला, “राहू दे अक्का. आते आईले लावसूत, तिनं बी हिरदं कमजोर शे.”

बाईंनी वायर उपटली, मनगटाभोवती गुंडाळली आणि काकूंची पिशवी भरायला घेतली. “काकूले गोया मी देसू,” एवढंच बोलल्या.

धुळ्याच्या एसटीत काकूंनी बाईंच्या मांडीवरच्या दिव्यावरून हात फिरवला. “तू सोता लावशी ना माले, पोरी?”

जन्मभर सगळ्यांना अडवणाऱ्या बाईंनी दिवा खाली पायाशी ठेवला आणि काकूंच्या हातावर गोळी ठेवली. मला त्या टाळ्या आठवल्या. अजूनही कुठल्या सत्कारात टाळ्या पडायला लागल्या की माझे हात उठत नाहीत.