दोन ठोक्यांमधली जागा

बर्फाच्या कारखान्यात त्याला सगळे थंडोबा म्हणत. एकदा साखळी तुटून अख्खी लादी पायाशी आदळली, तेव्हाही हा नुसता बाजूला सरकला आणि म्हणाला, "वाया गेली."

गोठलेल्या लाद्या साच्यांतून सुटाव्यात म्हणून साचे हौदातल्या पाण्यात बुडवायचे, हे त्याचं काम. एका उन्हाळ्यात डोकं भणभणलं म्हणून त्यानं श्वास धरून त्या गार पाण्यात तोंड खुपसलं. यंत्रांची घरघर लांब गेली. छातीतला ठोका पडला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मधली ती शांत जागा त्याला फार आवडली.

मग ते रोजचंच झालं. जागा रुंदावत गेली. तिथं कुणीतरी आपल्यासाठी सरकून बसलंय, असं त्याला वाटू लागलं. भीती मात्र वाटत नसे.

एका दुपारी बायको डबा घेऊन आली, तर हा हौदावर ओणवा. तिनं हाक मारली. त्याला ती ऐकू आली, पण दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी. शेवटी तिनं कॉलर धरून त्याला मागे ओढलं. ओठ निळे, चेहऱ्यावर हसू. तिनं मनगट चाचपलं. काही लागेना. मग एक ठोका लागला.

"अहो, काय करत होता?"

"काही नाही गं. बरं वाटत होतं."

डॉक्टरांनी समजावलं, "धावपळ संपली की शरीराला निवांत करणाऱ्या नसा असतात. हृदय हळू करतात, पोटाला कामाला लावतात. श्वास धरून तोंड गार पाण्यात घातलं की त्या हृदयाचा लगाम खेचतात. तुमच्या जरा जास्तच खेचतात. पुन्हा करू नका."

त्यानं ऐकलं. हौदाचं काम सोडून तो गाड्या भरायला लागला. तोंडसुद्धा कोमट पाण्यानं धुवायचा.

पण पुढे कधीकधी, पोटभर जेवून खुर्चीत टेकला की, पाणी नसतानाही ठोके लांबत. तो मान कलती करून ऐकत राही. बायको मुद्दाम मोठ्यानं विचारी, "भात उरलाय, घालू का?"

तो उत्तर देई. जरा उशिरानं.