मागच्या रांगेतला शिपाई

मी चित्रकलेचा मास्तर होतो, आता रिटायर्ड. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच कागदावर काढायचं, हे पोरांना तीस वर्षं शिकवलं. भूतबित, अंगात येणं, कौल लावणं... यातलं काहीही मला कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. तरीही हे लिहितोय, कारण यात एक छापील पुरावा आहे आणि तो माझाच आहे.

अमरावतीच्या एका साप्ताहिकात मी सिनेमाची परीक्षणं लिहितो. अंधारात वहीवर पेन्सिलीनं टिपणं घ्यायची माझी जुनी खोड. बायको, नलू, म्हणते की तुम्ही सिनेमा बघत नाही, त्याचे पेपर तपासता. खरं आहे ते.

गेल्या चैत्रात दुसऱ्या महायुद्धावरचा एक सिनेमा लागला होता. ब्रह्मदेशातून पायी माघार घेणारी हिंदी शिपायांची तुकडी, आणि सव्वादोन तास नुसतं चालणं. भातकुलीहून माझ्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे दाखवायला आमच्याकडे आल्या होत्या. वय ब्याऐंशी. लढाईचा सिनेमा आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मलेबी न्या. मला नवलच वाटलं, कारण त्या टीव्हीसुद्धा बघत नाहीत. त्यांचे वडील त्याच लढाईत गेले होते आणि बेपत्ता झाले, एवढं मला ऐकून माहीत होतं. सासूबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या.

दुपारचा शो. थेटरात आम्ही धरून नऊ माणसं. सिनेमा भयंकर संथ! मध्यंतरानंतर एका कोरड्या नदीचं दृश्य येतं. शिपाई वाळू उकरतात, पाणी लागत नाही, कॅमेरा हलत नाही. मी घड्याळ पाहिलं तर पाच मिनिटं झाली होती. शेजारी सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. घरी येताना रिक्षात त्या डोळे मिटून बसल्या होत्या. डोळ्यांना ताण पडला असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी परीक्षण लिहून पाठवलं. जमेच्या बाजू : कपडे, धूळ, पायांचा आवाज. उणिवा : लांबण, पत्रवाचनाचा अतिरेक, आणि उपाशी शिपायांचे गुबगुबीत गाल. नदीच्या दृश्याला मी चांगलंच झोडपलं होतं. फक्त एक वाक्य कौतुकाचं होतं. ते असं छापून आलं : ‘या पाच मिनिटांत एकच गोष्ट खरी वाटते – मागच्या रांगेतला, डाव्या मनगटावर विंचू गोंदलेला शिपाई, जो वाळू न उकरता आपल्याकडे बघत रिकामी ओंजळ पुढे करतो.’

रविवारी सकाळी चहाच्या वेळी नलू ते मोठ्यानं वाचत होती. सासूबाईंनी बशी खाली ठेवली आणि तेवढं वाक्य परत वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“जवाईबापू, थो माया बाप होता.”

त्या सांगत गेल्या. वडिलांचा फोटो कधीच नव्हता. विंचवाचं गोंदण आईनं फक्त त्यांनाच सांगितलं होतं, तेही मरायच्या आधी. नलूलासुद्धा हे ठाऊक नव्हतं, मग मला कुठून असणार? आणि मी तर ते वाक्य त्यांच्या बोलण्याच्या पाच दिवस आधीच लिहून मोकळा झालो होतो.

पुढचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. अक्षय तृतीयेला, आमच्याकडच्या अखजीला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली मातीची घागर ठेवतात. त्यांच्या आईनं नवऱ्याची घागर कधी भरू दिली नाही. बेपत्ता म्हणजे काही मेला नाही, जित्या माणसाची घागर भरत नाहीत, असं म्हणत ती मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. तिच्यामागे सासूबाईंनीही तो शब्द पाळला. घरातल्या सगळ्यांना पाणी मिळालं, या एकाला नाही.

“अन थो पानीच मांगून राह्यला होता,” त्या म्हणाल्या.

त्यांना तो शिपाई पुन्हा बघायचा होता. अमरावतीत सिनेमा शुक्रवारीच उतरला होता, अकोल्यात एक शो चालू होता. मूर्तिजापूरमार्गे गाडीनं दोघंच गेलो. नदीचं दृश्य आलं. तीच वाळू, तेच शिपाई, तीच पाच मिनिटं. मागच्या रांगेत सगळेच्या सगळे वाळू उकरत होते. ओंजळ नाही, विंचू नाही, आमच्याकडे बघणारं कोणीच नाही. सासूबाईंचा हात धरायचंही मला सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर मी कसंबसं म्हणालो, की कदाचित काही भाग कापला असेल. त्या बाहेर बघत होत्या.

“तुमी लिवलं का शिनेमा लय लांबला. लांबला म्हनून तं दिसला थो. घाईत कोन पाह्यते मांगच्या रांगेतल्या मानसाले?”

नंतर संपादकांचा फोन आला. एका वाचकानं कळवलं होतं, असा शिपाई सिनेमात कुठेच नाही, चूक दुरुस्त करा. आता तो सिनेमा मोबाइलवरही आलाय. मी ते दृश्य थांबवून थांबवून कितीदा पाहिलं, याची गणती नाही. वाचकाचं बरोबर आहे. पण माझ्या वहीत, अंधारात खरडलेल्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘डा. मनगट – विंचू – ओंजळ’ असं आहे, आणि शेजारी पेन्सिलीनं काढलेला एक चेहरा आहे. नलू म्हणते, नाक आईसारखं आहे. मला हे उलगडत नाही. दुरुस्ती मी दिलेली नाही.

अखजीला आम्ही भातकुलीला गेलो. सासूबाईंनी नवी घागर स्वतः भरली, वर आंबा ठेवला. कुणाच्या नावानं, हे त्यांच्या मुलानं विचारलं नाही, त्याला कळलं होतं. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि बराच वेळ तशाच बसल्या. थेंब थेंब गळून ओंजळ रिकामी होत आली, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून शब्द निघाला. ब्याऐंशी वर्षांत ज्या शब्दानं कुणाला हाक मारायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती, तो.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “पानी घ्या. उशीर झाला.”