कालोतीनाची शेवटची अंघोळ

साकेलारिसच्या छोट्या मोटरयॉटचं नाव ‘कालोतीना’. बायकोचंही तेच. ग्रीसमधल्या आमच्या बेटावर बोटींना बायकांची नावं देतात आणि मग उन्हाळाभर बायकोपेक्षा बोटीकडेच जास्त बघतात. साकेलारिस काही जगावेगळा नव्हता. यॉट नवी कोरी असताना हौसेने बायकोला फिरवायला घेऊन गेला आणि न सांगता इंजिन सुरू केलं. ती कठड्यावर आपटली आणि तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरायची, आणि हा तो हात ओढून काढायचा.

मे ते ऑक्टोबर कुणी ना कुणी परदेशी पाहुणे यॉट भाड्याने घ्यायचे. हा त्यांना बेटाबेटांवर फिरवी, मासे भाजून घाली, निळ्या पाण्यात पोहायला सोडी. कॅप्टन म्हणून त्याचा एकच नियम होता. पाहुणे सुट्टीला आलेत, आपलं रडगाणं त्यांच्या कानावर घालायचं नाही. या नियमानेच मेल्याचं वाटोळं केलं.

बायको वारली तेव्हा तो पाहुण्यांना घेऊन पात्मोस बेटावर होता. सकाळीच थेमेलाचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, फोन आला. आईचं काही खरं नाही, असाल तसे निघा. हा पाहुण्यांना चकार शब्द बोलला नाही. संध्याकाळी त्यांना धक्क्यावर उतरवू आणि मग जाऊ, असं त्याने ठरवलं. घरी पोचला तर मयताच्या घरात झाकतात तसे बायकांनी आरसे झाकले होते.

त्यावर कडी म्हणजे, आमच्याकडे बायको गेलेला माणूस चाळीस दिवस दाढीला वस्तरा लावत नाही, काळा सदरा उतरवत नाही. यानं आठवड्याच्या आत दाढी घोटली, पांढरा सदरा चढवला आणि पुढच्या पाहुण्यांना घ्यायला उभा राहिला. मेहुणी अनेझोने त्याला भर बाजारात गाठलं. “काय भाऊजी, दुसऱ्या लग्नाला निघालात वाटतं?”

थेमेलाने तर बापाशी बोलणंच टाकलं.

माणूस रोज रडायचा हो. इंजिनाच्या खोलीत, तिथल्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही म्हणून. पाहुण्यांना वाटायचं, डिझेलच्या धुराने डोळे लाल झालेत.

एकाच गोष्टीवर तो तग धरून होता. आमची दफनभूमी एवढीशी. तीन वर्षांनी थडगं उघडून जागा पुढच्याला द्यावी लागते. घरच्यांनी हाडं वर काढायची, आपल्या हातांनी वाइनने धुवायची, उन्हात वाळवून पेटीत ठेवायची. जाताना मी तिच्यापाशी नव्हतो, निदान तिला अंघोळ तरी मी घालीन, एवढं त्याने मनाशी धरलं होतं.

तीन वर्षं भरली तशी पाद्रींनी शनिवारची सकाळ दिली. निरोप अनेझोने आणला. “कुणासाठी थांबणार नाहीत म्हणाले. या वेळी तरी या, भाऊजी.”

“शुक्रवारी सकाळीच घरी असेन,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात यॉटवर बेल्जियममधल्या अँटवर्पचं एक वयस्क जोडपं होतं. गुरुवारी दुपारी आर्की बेटाच्या खाडीत त्यांनी नांगर टाकला. त्यातल्या लीस्बेतबाईंचं पाण्यातून बाहेर यायला मन होईना. “कॅप्टन, आजची रात्र इथेच राहू या? तुम्हाला काही अडचण नाही ना?”

“छे हो, मला कसली अडचण.”

शुक्रवारी उजाडताच उत्तरेचा वारा सुटला. बंदर कार्यालयाने पाहुणे घेऊन निघायला मनाई केली. दिवसभर बोट दोरांना हिसके देत होती आणि साकेलारिस किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होता. अखेर त्याने पेटीतून काळा सदरा काढला, तेव्हा लीस्बेतबाईंनी विचारलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने पाहुण्यांना सगळं सांगितलं.

“अहो, मग काल बोलला का नाहीत?” त्या रडवेल्या झाल्या. “आम्ही तेव्हाच परत निघालो असतो.”

पात्मोसच्या पाहुण्यांनीही हेच म्हटलं असतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

शनिवारी वारा पडायला दुपार झाली. बोट आमच्या बंदराला लागताच पाहुणे म्हणाले, दोर आम्ही बांधतो, तुम्ही पळा. तो चढ धापा टाकत चढला. दफनभूमीच्या फाटकातून अनेझो बाहेर येत होती. “झालं सगळं, भाऊजी,” ती म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता.

आत थेमेला एकटीच बसली होती. पांढऱ्या चादरीवर धुतलेली हाडं वाळत होती. तिच्या मांडीवर टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

“बाकीचं मी धुतलं,” ती वर न बघता म्हणाली. “मावशी ओरडली, पाद्री चिडले, पण एवढं मी कुणाला धुऊ दिलं नाही.”

तिने टॉवेल उलगडला. कवटीला अजून माती होती. साकेलारिस गुडघ्यांवर बसला, ओंजळीत वाइन घेतली आणि धुऊ लागला. कपाळ धुतलं, गाल होते ती जागा धुतली. मग माती गेली आणि टवका उडालेला दात दिसला. इतकी वर्षं जे इंजिनाच्या खोलीत कोंडलं होतं, ते लेकीदेखत बाहेर आलं. तो हंबरडा खालच्या बाजारातसुद्धा ऐकू आला म्हणतात.

थेमेलाने शेजारी कलंडलेली वाइनची बाटली सावरली.

“आई गेली त्या दिवशी सारखी दाराकडे बघत होती,” ती म्हणाली. “मी तिला सांगितलं, बाबा आलेत, धक्क्यावर बोट बांधतायत.”

“मग?”

“मग हसली. हात उचलवत नव्हता तिला, तशीच हसली.”

साकेलारिसने पुन्हा ओंजळ पुढे केली. थेमेलाने उरलेली वाइन ओतली, आणि त्याने तो दात अंगठ्याने परत एकदा धुतला.