दुसरा कोपरा

विट्याच्या आकारामशेठनी बत्तीस वर्षं कोइमतूरला सोन्याची गलाई केली. म्हणजे जुनं सोनं भट्टीत गाळून चोख करून दिलं. एवढ्या वर्षांत ते एकदाच फसले. सोन्याची लगड, म्हणजे ओतीव कांडी आली, त्यांनी कोपऱ्याला भोक पाडून कस पाहिला, चोख निघाला. दुसऱ्या कोपऱ्यात तांबं होतं. तेव्हापासून लगड सख्ख्या मेहुण्याची असली तरी दोन्ही कोपरे तपासल्याशिवाय ते ती घेत नसत. मेहुण्यानं त्यावरून बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे.

चौसष्टाव्या वर्षी शेठच्या मानेला गाठ आली. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, तोही झपाट्यानं वाढणारा. तो हाडातल्या मगजापर्यंत पोचला नसेल तर बरं व्हायची आशा जास्त. त्यांनी शेठना कुशीवर वळवलं आणि उजव्या खुब्याच्या मागं हाडात सुई घातली. शेठनी दात आवळले, पण ओरडले नाहीत.

आठवड्यानं रिपोर्ट आला. मगज साफ. त्यांच्या बायकोनं, बनाबाईनं, गल्लीत दोन किलो पेढे वाटले. शेठनी पेढा तोंडात घातला नाही.

"डाव्या बाजूचं बी काढा," दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"आवं, साफ आलंय न्हवं? कशाला उकरून काढताय?" बनाबाई म्हणाली.

"एका कोपऱ्यावर लगड घेत न्हाईत."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मगज साफ असून शेठच्या रक्तातल्या पेशी कमी का, हे त्यांनाही उलगडलेलं नव्हतं. रोग कधी कधी मगजात एखाद्याच जागी बसतो, म्हणाल्या, आणि सुई मागवली.

परतताना एस्टीनं तासगाव सोडलं. तेव्हा बनाबाई म्हणाली, "चांगलं आल्यालं. तेवढंच धरून बसायचं हुतं मला." शेठना ते फार लागलं. त्यांनाही तेच धरून बसायचं होतं.

आठवड्यानं दुसरा रिपोर्ट आला. डाव्या बाजूला रोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. चौथी स्टेज. औषधं तीच, पण आता आणखी एक मणक्यातून द्यावं लागेल. पहिल्याच रिपोर्टवर थांबलो असतो तर ते राहून गेलं असतं.

"आशा किती धरायची?" शेठनी विचारलं.

"निम्मी धरा."

बनाबाईला रडू फुटलं. "पेढं वाटून बसले की वो मी."

शेठनी तिचा हात धरला.

"अगं, पन्नास टक्क्याचं सोनं आपुन कवा फेकून दिलंय का?" मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "भट्टी कवा लावायची?"

"सोमवारी."

शेठनी मान डोलावली. "पेढा राहिलाय का एखादा?"

"तुमच्या वाटणीचा ठेवलाय डब्यात," बनाबाई डोळे पुसत म्हणाली. "वाळून खडा झाला आसंल."

"आसूं दे. घरी गेलो की खातो."